गिरणीच्या जागेवर बाग का झाली नाही?

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत लालबागला राहतो. त्याच्याकडे गेलो की बंद गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर दिसतात. तो म्हणतो, ‘इथे बागा व्हाव्यात असे सगळ्यांनाच वाटत होते.’ मग झाल्या का नाहीत? अशा वेळी लोकांच्या मताला काही किंमत असते की नाही?
– एक वाचक, झरी (जि. परभणी)

उत्तर : प्रश्न एक दिसतो, पण त्यात दोन गुंतले आहेत. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले हा एक, आणि लोकांचे मत सरकारदरबारी पोहोचते कसे हा दुसरा. पहिला आधी सोडवू.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढच्या काळात एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर, तीही मुंबईच्या मध्यात. गिरणी बंद म्हणजे जमीन मोकळी, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. पण पडीक जमीन बेवारस नसते. काही गिरण्या खासगी मालकांच्या होत्या, काही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या. त्यांवर बँकांची कर्जे होती, कामगारांची देणी थकली होती. म्हणून बाग करायची तर मालकाला काहीतरी देऊन जमीन सोडवून घेणे भाग होते.

त्यासाठी १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार मांडला, म्हणजे तुकड्या-तुकड्यांऐवजी सलग मोकळी जागा मिळेल. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, तर आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच होणार होती. गिरणीचे आवार बहुतेक शेड आणि इमारतींनीच भरलेले असते. त्यामुळे बागांचा वाटा एकदम आक्रसला. त्याविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. तुम्हाला दिसतात ते टॉवर या निकालानंतर झपाट्याने वाढले.

आता ‘सगळ्यांनाच बाग हवी होती’ याविषयी. मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बाग नको असे कुणी म्हणत नव्हते, मात्र पहिली गरज प्रत्येकाची वेगळी होती. काम गेलेल्या कामगाराला आधी थकलेली देणी आणि डोक्यावर छप्पर हवे होते. चाळीतल्या रहिवाशाला मुलांसाठी मैदान हवे होते. मालकाला बांधकाम हवे होते. घर आणि बाग मागणारे लोक खरे तर एकाच बाजूचे. त्यांच्या मागण्या शेवटपर्यंत एकत्र बांधल्या गेल्या नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

आता दुसरा प्रश्न, मताच्या किमतीचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. मुदत साधारण ३० दिवसांची, मुंबईसाठी ६०. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. इथे एक गैरसमज हमखास असतो. हे मतदान नव्हे. हजार सह्या आल्या म्हणून बाग मंजूर होत नाही. भूखंड कोणता, आरक्षण कोणते (म्हणजे जागा कशासाठी राखायची), ते का हवे, हे लेखी सांगावे लागते. तरी संख्येचाही दाब पडतो. २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्यावर ६० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. राज्य सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला लावला. गप्पांत कितीही लोकांनी नाराजी बोलून दाखवली असती, तरी एवढे झाले नसते.

नकाशावर हिरवा रंग लागला म्हणजे बाग झाली, असेही नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही काही न झाल्यास आरक्षण रद्द होते. म्हणून आराखडा मंजूर झाल्यावरही पाठपुरावा लागतोच.

जिथे लोक आणि यंत्रणा टिकून राहिल्या, तिथे काम झाले आहे. धारावीलगत मिठी नदीकाठी पूर्वी शहराचा कचरा टाकत. त्याच जागेवर झाडे लावून १९९४ मध्ये ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुरू झाले. आज तिथे दाट झाडी आहे. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी लोकांसाठी उद्यान म्हणून खुला झाला. सरकारला त्याच्या कडेने घरे बांधायची होती. २०१४ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के लोकांनी बांधकाम नको असा कौल दिला आणि तो कायदा म्हणून लागू झाला. आपल्याकडे अशी सार्वमताची सोय नाही. त्यामुळे हरकतीचा कागद हेच आपले मत.

आणि झरीचे काय? गावात ग्रामसभा आहे. कायद्याने ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गावठाणातली वापराविना पडलेली जागा किंवा गायरानाचा कोपरा झाडांसाठी राखावा असे वाटत असेल, तर आधी जमीन कुणाच्या नावे आहे ते कागदोपत्री पाहा; गायरानाचा सातबारा तलाठ्याकडून मिळतो. गायरान सरकारी असते, तेव्हा वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग विषय ग्रामसभेपुढे लेखी मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.