निबंधात बिबट्या आला तरी चालेल

शिरूर-दौंडकडची मुलं आयईएलटीएसच्या इंग्रजी परीक्षेला बसली की ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत बऱ्यापैकी निघतात आणि लेखनात आपटतात. रांजणगाव एमआयडीसीतले इंजिनिअर असोत, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलं असोत, की परदेशी नोकरीच्या मागे लागलेल्या नर्स, रड एकच. माझीही तीच होती. ऐकण्यात 7.5, वाचनात 7, बोलण्यात 6.5 आणि लेखनात 5.5. एकूण बँड 6.5 आला म्हणून घरी पेढेही वाटले. पण आयर्लंडच्या विद्यापीठाच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती: कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी चालणार नाही. प्रवेश वर्षभर पुढे गेला आणि परीक्षेची फी पुन्हा भरावी लागली. ती फी आता सतरा हजारांच्या वर गेली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

ज्या क्लासला मी जात होते, तिथे पहिल्याच आठवड्यात एक झेरॉक्स हातात पडली. त्यात निबंधाचा तयार साचा होता. ‘नाऊअडेज, इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक’ने सुरुवात, मध्ये ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’, शेवटी ‘टू पुट इट इन अ नटशेल’. विषय कुठलाही येवो, मोकळ्या जागा भरायच्या. शंभरेक शब्द असे फुकटात मिळाले की अडीचशेचा आकडा लवकर गाठता येतो, असं सर सांगायचे. आकडा गाठला जातो हे खरं. पण परीक्षकाने ही वाक्यं इतक्यांदा वाचलेली असतात की पाठांतर त्याच्या तत्काळ लक्षात येतं आणि त्याबद्दल तो काही देत नाही. साचा काढून टाकला की मागे उरतं ते तुमचं लेखन. माझ्या पेपरात फारच थोडं उरलं असणार.

गुण कसे देतात ते आधी समजून घ्या. लेखनाला 60 मिनिटं असतात आणि दोन प्रश्न. पहिला किमान 150 शब्दांचा: अकॅडेमिकला आलेख, तक्ता किंवा आकृती, जनरल ट्रेनिंगला पत्र. दुसरा किमान 250 शब्दांचा निबंध, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. निबंध चार निकषांवर तपासतात: प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे आणि व्याकरण कसं आहे. चारही निकषांना सारखाच वाटा. आपली मुलं तिसऱ्याच्या मागे धावतात, जडजड शब्दांच्या याद्या पाठ करतात, आणि पहिल्यातच मार खातात.

याचं मूळ मला आपल्या शाळेतल्या निबंधात दिसतं. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘मी नदी बोलतेय’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे लिहून आपण दहावी झालो. सुरुवातीला सुविचार, मग वर्णन, शेवटी आशावाद. त्या निबंधांवर माझा राग नाही, कल्पनाशक्ती तिथेच फुलली. पण तुमचं मत काय आणि ते का, हे तिथे कुणी विचारलं नाही. आयईएलटीएस फक्त तेच विचारते. म्हणून आमच्याकडचं मूल पहिला परिच्छेद प्रस्तावनेत घालवतं, दोन परिच्छेद दोन्ही बाजूंना गोड बोलतं आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत, तेही ‘बॅलन्स’ राखून, सांगतं. मत पहिल्याच परिच्छेदात सांगा. मग पुढची प्रत्येक ओळ त्याला धरून असू द्या.

प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ‘कितपत सहमत आहात’ हा एक प्रश्न, ‘दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचं मत द्या’ हा वेगळा, ‘फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का’ हा आणखी वेगळा. दुसऱ्या प्रकारात दोन्ही मतं सुरेख मांडून स्वतःचं विसरणारे मी बरेच पाहिले आहेत. पहिली पाच मिनिटं पेन न चालवता विचार केलात, तर पुढची पस्तीस पुरतात.

उदाहरणांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिथे आपल्याकडे खजिना आहे आणि आपण तो वापरायला लाजतो. प्रश्नाखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. तरी न्हावऱ्याचं पोरगं न्यूयॉर्कचं उदाहरण देतं आणि कुठल्याशा विद्यापीठाचं न झालेलं संशोधन ठोकून देतं. समजा प्रश्न आला: वन्यप्राण्यांच्या रक्षणावर पैसा खर्च करणं वाया आहे, सहमत आहात का? साच्यातलं मूल लिहितं की प्राणी निसर्गाचा अविभाज्य भाग आहेत. त्यापुढे त्याला काही सुचत नाही, मग तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा लिहितं.

आता शिरूर तालुक्यात बघा. हा भाग जुन्नर वनविभागात येतो, आणि उसात बिबट्या आहे हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते. माणूस मोटर चालू करायला अंधारात उसात जातो आणि बिबट्याशी गाठ पडते. म्हणजे माणूस आणि जनावर यांच्या भांडणात विजेचं वेळापत्रकही एक पक्ष आहे. दिवसा वीज देण्यावर केलेला खर्च माणसालाही वाचवतो आणि जनावरालाही. मग तो वाया कसा? झाला परिच्छेद. मत, त्याचं कारण, उदाहरण आणि त्यातून निघणारं अनुमान, चारही आली. शब्द साधे आहेत, पण विचार एका ओळीतून दुसरीत सरकतो, आणि वरचे बँड त्यालाच मिळतात.

शहरात जावं की गावात राहावं असा विषय आला तर रांजणगावची एमआयडीसी आहे, कुरकुंभची आहे. गाव न सोडता मिळालेली नोकरी, त्यातली कंत्राटी भरती, कारखान्यांच्या सांडपाण्याची तक्रार, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

इंग्रजी आपल्याला परकं, असं म्हणणाऱ्यांना मी दौंड तालुक्यातल्या केडगावचा पत्ता देते. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई मूळच्या संस्कृतच्या विदुषी. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचं इंग्रजी नवशिकंच होतं. चारच वर्षांत, 1887 मध्ये, अमेरिकेत त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. बालपण, विवाह, धर्म-समाजातलं स्थान, वैधव्य अशी प्रकरणं क्रमाने येतात, शास्त्रवचनं आणि शिरगणतीचे आकडे मुद्द्याला जोडून येतात, आणि शेवटच्या प्रकरणात वाचकाकडे काय मागायचं ते त्या सरळ मागतात. प्रत्येक परिच्छेदाने एकच काम करायचं, हे शिकायला मला याहून चांगला नमुना सापडलेला नाही.

भाषेचं थोडक्यात. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नाहीत, म्हणून ते आपल्या हातून गळतात. लिहून झाल्यावर एक फेरी फक्त त्यांच्यासाठी ठेवा. एकवचनी कर्त्याचं क्रियापद तपासा. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका, ते धरलं जात नाही. मुद्दे क्रमांक घालून लिहू नका, परिच्छेदच हवेत. कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, पण चुकलेलं स्पेलिंग कुणी दाखवत नाही. टायपिंगचा सराव नसेल तर आधी महिनाभर तो करा. सरकारी टायपिंग परीक्षा (जीसीसी) दिलेली मुलं इथे पुढे असतात, हे मी पाहिलंय. आणि निबंध आधी लिहिला तरी चालतो, दुप्पट वजन त्यालाच आहे.

फी भरण्याआधी आपल्याला किती गुण हवेत ते विद्यापीठाच्या किंवा व्हिसाच्या कागदावर विभागवार वाचा. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीला लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात; कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्यांचं गणित निराळं असतं. एका लेखनातच अडला असाल तर पूर्ण परीक्षा पुन्हा देण्याची घाई करू नका. कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आता आहे. तो निकाल तुमच्या विद्यापीठाला चालतो का, हे आधी मेल करून विचारा आणि लगेच ठरवा, कारण ती फेरपरीक्षा मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आतच द्यावी लागते.