आधी व्होल कोणता ते बघ

राहुरीला तुम्ही शेतउंदरांची बिळं संध्याकाळी चिखलाने बुजवायचात आणि सकाळी किती उकरली ते मोजायचात. पद्धत चांगली आहे, पण अमेरिकेतल्या हडसन खोऱ्यातल्या सफरचंदाच्या बागेत ती घेऊन येऊ नकोस. व्होलची, म्हणजे इथल्या उंदरासारख्या प्राण्याची, भोकं उघडी असतात, एकाच कुटुंबाची अनेक, त्यातली कित्येक पडीक. एक बुजवलंस तर तो शेजारच्या भोकातून ये-जा करतो. आकडा हाती येईल, पण त्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

पहिल्या दिवशी पिंजरे गाडीतच राहू देत. बागेत व्होल कोणता आहे ते आधी शोध, बाकी सगळं त्यावर ठरतं. इथे मुख्यतः दोन. मेडो व्होल गवतात राहतो. गवत बाजूला सारलंस की जमिनीलगत चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या साफ वाटा दिसतील, त्यात कुरतडलेल्या गवताचे तुकडे आणि हिरवट लेंड्या. हा हिवाळ्यात बर्फाखालून बुंध्यापर्यंत येतो आणि साल सोलतो. साल चारी बाजूंनी गेली की पानांतलं अन्न मुळांकडे उतरत नाही. वसंतात झाडाला पालवी फुटते, मालक खूश होतो, आणि नंतर झाड वाळतं.

दुसरा पाइन व्होल. तांबूस, मऊ केसांचा, डोळे बारीक, कान केसांत बुडालेले, शेपूट जेमतेम मागच्या पायाएवढी. मेडो व्होलची शेपूट पायाच्या साधारण दुप्पट असते, हातात धरल्यावर हीच खूण सगळ्यात भरवशाची. पाइन व्होल जमिनीखाली थोड्याच खोलीवर बोगदे करून मुळं खातो. वर फारसं काही दिसत नाही. झाड पिवळं पडलं, वाढ खुंटली, हाताने ढकललं तर हललं, की समजायचं. पण तोवर उशीर झालेला असतो. याच्यासाठी डोळ्यांपेक्षा बोटं वापर. बुंध्याभोवती हाताने चाचपत जा, माती जिथे पोकळ लागते तिथे बोगदा.

आता व्होलचा वावर मोजायला सफरचंदाच्या फोडीची चाचणी. मला विचारशील तर सगळ्या पद्धतींत हीच उजवी, कारण बागायतदाराला ती कळते. छपराच्या जुन्या शिंगलचे तुकडे किंवा फळ्या झाडाखाली ठेवून काही दिवस विसरून जा. आडोसा मिळाला की व्होल त्याखाली वाटा करतात. मग फळी उचलून वाटेत किंवा भोकाच्या तोंडाशी सफरचंदाची बोटाच्या पेराएवढी फोड ठेव, फळी परत टाक आणि २४ तासांनी बघ. १०० पैकी किती फोडींवर दात लागले, तो तुझा निर्देशांक. दाताची खूण नीट ओळख: व्होलच्या दाताची रेघ दीड ते तीन मिलिमीटर रुंद, आणि रेघा वेड्यावाकड्या दिशांना. गोगलगायीने खाल्लेली फोड गुळगुळीत असते. ती व्होलच्या नावावर लिहू नकोस.

चाचणी तोडणी झाल्यावर कर. झाडाखाली पडलेल्या फळांचा सडा असताना तुझ्या फोडीकडे कोण बघणार! आणि कुठली झाडं घ्यायची ते घरी बसून कागदावर ठरव, दर दहावं म्हण हवं तर. बागेत उभं राहून ठरवलंस तर पाय आपोआप खुणा दिसतील तिकडेच वळतात. व्होल बागभर सारखे पसरलेले नसतात. दगडी गडग्याजवळ, रानालगतच्या कडेला, न कापलेल्या गवतात एका ओळीत खच असतो आणि शेजारची ओळ कोरी.

तुझ्या सरांना खरी संख्या हवी असेल तर पकडून, खूण करून सोडावं लागेल. गणित सोपं आहे. समज, ३० व्होलवर खूण केलीस, पुढच्या खेपेला ४० सापडले, त्यांत १२ खुणेचे. तर ३० गुणिले ४० भागिले १२, म्हणजे बागेत सुमारे १००. पण व्होलला हे गणित ठाऊक नसतं. काही खाण्याच्या लोभाने रोज पिंजऱ्यात येतात, मग तुझा अंदाज खाली घसरतो. काही एकदा घाबरले की फिरकत नाहीत, मग तो वर चढतो. म्हणून संख्येबरोबर ती किती वरखाली होऊ शकते तेही लिही. शर्मनचे पत्र्याचे पिंजरे लावशील तेव्हा आत कापूस आणि सफरचंदाचा तुकडा ठेव, वर फळी टाक, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघ. एवढासा जीव, थंडीत उपाशी राहिला तर रात्र काढत नाही. विद्यापीठाच्या प्राणी-समितीची परवानगी आधी घे, नंतर नाही.

हातमोजे घाल. मोजे पँटवरून ओढ आणि घरी आल्यावर गोचिड्या बघ. या खोऱ्यात लाइमचा आजार आहे. फवारणी कधी झाली ते मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस.

मालक विचारेल, काय करू? बुंध्याभोवतीचं गवत काढ, पालापाचोळा दूर सार, कोवळ्या झाडांना सहा मिलिमीटरच्या जाळीचं कुंपण कर, जाळीचं खालचं तोंड मातीत पूर आणि वरचं बर्फाच्या पातळीच्या वर ठेव. एवढं त्याला सांग. ही जाळी मेडो व्होलला थोपवते, पाइन व्होल तिच्याखालून जातो, हेही सांग. घुबडाची पेटी टांगून तो निर्धास्त होणार असेल तर होऊ देऊ नकोस.

मार्चच्या सुमारास बर्फ वितळलं की पुन्हा जा, गवत वाढायच्या आत. बर्फाखालच्या सगळ्या वाटा तेव्हा उघड्या पडलेल्या असतात, नकाशा काढायला याहून चांगला आठवडा नाही. प्रत्येक निवडलेल्या झाडाची साल किती सोलली ते लिही आणि शरदातल्या फोडींच्या आकड्याशेजारी मांड. फोड शाबूत राहिलेल्या झाडाची साल गेलेली दिसली, तर त्या झाडावर लाल खूण कर आणि मला फोन कर.