कुंडींतील विस्टेरियाची निगा

चीन-जपानकडील विस्टेरिया बियांपासून वाढविल्यास फुलण्यास दहा वर्षेंही लागतात. म्हणून जुनी वेल रोडावली तरी टाकूं नये. कुंडींत तिची वाढ खुंटली, कीं खत घालण्याचा मोह होतो. पण दुखणें बहुधा मुळांशीं असतें. पानगळीनंतर, डोळे फुटण्यापूर्वीं, वेल काढून मुळें पाहावीं. कुजलेलीं छाटावीं, कुंडीस वेढे घालून बसलेलीं हलक्या हातानें सोडवावीं. नंतर तळाशीं छिद्रें असलेल्या किंचित् मोठ्या कुंडींत, पानखत मिसळलेल्या भुसभुशीत मातींत वेल लावून उन्हांत ठेवावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें. पालवी जोमानें येईपर्यंत खत देऊं नये. ही वेल शेंगावर्गांतील असल्यानें पुढेंही नत्रयुक्त खत बेतानेंच द्यावें. नाहीं तर पाला माजतो व फुलें येत नाहींत.