थट्टा आणि छळ : भेद कसा ओळखावा?

निवासी शाळेतील मूल दिवसरात्र इतर मुलांच्या सहवासात असते. शाळा सुटली तरी छळणाऱ्यापासून त्याची सुटका होत नाही. म्हणून मुलामुलांतील छळ वेळीच ओळखणे हे शिक्षक, अधीक्षक व पालक या तिघांचेही कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

नॉर्वेत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे छळाच्या खुणा तीन : तो हेतुपुरस्सर असतो, पुन्हापुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असते. बरोबरीच्या दोघांचे भांडण हा छळ नव्हे. थट्टेत दोघेही हसतात. छळात एकच बाजू हसते.

बळ केवळ शरीराचे नसते. वय, संख्या, पैसा आणि आपल्या देशात जात, हेही बळच होय. आडनावावरून कुजबुजणे, शिष्यवृत्तीवरून टोमणे मारणे, पंगतीत एकाच मुलाशेजारची जागा रोज रिकामी ठेवणे, यांत हात उगारला जात नाही. तरीही तो छळच आहे.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. तेथे शाळेची रीतच छळ करीत होती. त्या वेदनेचा वारसा सांगणाऱ्या वसतिगृहात मोठा मुलगा लहानाकडून कपडे धुऊन घेत असेल, घरून आलेला खाऊ हिसकावत असेल किंवा पोटजातीवरून हिणवत असेल, तर ‘मुलेच ती’ म्हणून दुर्लक्ष करणे आम्हांस शोभत नाही.

चुगलखोर ठरण्याच्या भयाने मूल बहुधा बोलत नाही. त्याचे वर्तन मात्र बोलते. वस्तू वारंवार हरवणे, जेवण टाळणे, अंथरूण ओले होणे, सुटी संपताना पोट दुखणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली की त्यास एकांतात, मायेने विचारावे. छळणाऱ्यासमोर उभे करून विचारू नये. गरज भासल्यास १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

छळणारे मूलही आपलेच आहे. ‘उदान’ ग्रंथातील प्रसंगात श्रावस्तीजवळ माशांना छळणाऱ्या मुलांना भगवान बुद्धांनी मारले नाही. दुःख तुम्हांला नकोसे वाटते ना, असे विचारले. स्वतःच्या दुःखावरून दुसऱ्याचे दुःख जाणणे, हाच करुणेचा पहिला पाठ होय. तो वर्गात शिकवावा आणि वसतिगृहात रोज पाळावा.