अभ्यास कळतो, पण वैराग्य?

आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक ३५. आदल्या श्लोकातली अर्जुनाची तक्रार आपल्या सगळ्यांचीच आहे: मन आवरत नाही. भगवंत त्यावर दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास लगेच पटतो. वैराग्य म्हटलं की मला मात्र भगवी वस्त्रं आणि हिमालयच दिसायचा. कॉलेज, नोकरी, स्पर्धा यांत अडकलेल्या माणसाने ते कुठे शोधायचं?

मला ते सापडलं बास्केटबॉलमध्ये. हसू नका!

अमेरिकेतल्या शार्लट शहरात शाळेकडून खेळायचा तेव्हा स्टीफन करी अंगाने अगदीच किरकोळ होता. चेंडू कमरेजवळून वर फेकायचा. बास्केट होत होती. पण पुढे उंच खेळाडू ही फेक सहज अडवतील, हे वडिलांनी ओळखलं. ते डेल करी, स्वतः एनबीएत १६ हंगाम खेळलेले. मग एका उन्हाळ्यात चेंडू डोक्याच्या वरून सोडायला पहिल्यापासून शिकणं आलं. बरेच दिवस लांबून नेमच लागेना.

इथे जरा थांबा. रोज तीच फेक पुन्हा पुन्हा करणं हा अभ्यास झाला. पण जी जमत होती, जिच्यावर कौतुक मिळत होतं, ती सोडून द्यायची? सोळाव्या वर्षी? माझ्या मते हेच वैराग्य, आणि अभ्यासापेक्षा ते अवघड. तुमच्याकडे अशी कोणती ‘जमणारी फेक’ आहे, बघा बरं.

एवढं करूनही मोठ्या कॉलेजांनी त्याला विचारलं नाही. वडील जिथून खेळले त्या व्हर्जिनिया टेकनेही स्कॉलरशिप दिली नाही. घेतलं ते डेव्हिडसन या दोन हजारांहून कमी विद्यार्थी असलेल्या कॉलेजने. २००६ मधल्या पहिल्याच सामन्यात त्याने १३ वेळा चेंडू गमावला. प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी पुढच्या सामन्यात त्याला पुन्हा उतरवलं, तेव्हा ३२ गुण!

२००८ मध्ये हेच डेव्हिडसन राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठ संघांत पोचलं. समोर कॅन्सस, दोन गुणांची पिछाडी, शेवटचे काही सेकंद. चेंडू करीकडे, आणि त्याला दोघांनी घेरलेलं. सगळ्यांना वाटलं, हाच फेकणार. त्याने तो सहकारी जेसन रिचर्ड्सकडे दिला. रिचर्ड्सचा नेम चुकला, डेव्हिडसन ५९-५७ असं हरलं.

त्याच्या सगळ्या बास्केटांपेक्षा मला तो पास जास्त आवडतो. उद्या श्लोक ३६ घेऊ.