शोक आणि सोबत

जयपूरच्या दक्षिणेस असलेले सांगानेर हे ठशांच्या कापडछपाईसाठी व हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. जयपूरप्रमाणेच येथेही हिंदू कुटुंबात मृत्यू झाल्यास तिसऱ्या दिवशी ‘तीये की बैठक’ भरते. स्थळ व वेळ वर्तमानपत्रातून कळविण्याचा प्रघात आहे. लोक येतात, काही वेळ बसतात आणि हात जोडून निरोप घेतात. महाराष्ट्रात मृत्यूच्या दिवशी घरात चूल पेटत नाही व शेजारी पिठलेभात आणून देतात. शोकाकुल माणसास एकटे पडू न देणे, हाच दोन्ही रीतींचा हेतू होय.

रीतीचे ओझे झाले, तर मात्र हा हेतू विफल होतो. मृत्युभोजापायी कुटुंबे कर्जात बुडत असत. म्हणून राजस्थानात १९६० मध्ये त्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला.

शोक शरीरालाही व्यापतो. अमेरिकेतील बोस्टन येथे १९४२ मध्ये एका नृत्यगृहास आग लागून सुमारे ४९० माणसे दगावली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने त्यांच्या आप्तांचा व इतर शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ मध्ये निष्कर्ष मांडले. घसा आवळणे, वारंवार सुस्कारे येणे, पोटात पोकळी जाणवणे अशा वेदनेच्या लाटा वीस मिनिटांपासून तासभर टिकत. मृताचे नाव निघाले किंवा कोणी समाचारास आले की त्या उसळत. म्हणून माणसे भेटी टाळू लागत. तथापि शोक दडपल्याने तो सरत नाही, असे त्याला आढळले.

यावरून सोबत कशी करावी, हे कळते. डोळ्यांत पाणी आले म्हणून विषय बदलू नये. मृताचे नाव घ्यावे, आठवणी ऐकाव्यात. ‘काही लागले तर सांगा’ एवढे म्हणून न थांबता निवृत्तिवेतनाचा अर्ज, बँकेतील खेप, एखाद्या वेळचे जेवण असे नेमके काम अंगावर घ्यावे.

बारावे-तेरावे उरकले की पाहुणे परततात. रिकामे घर खरे तर तेव्हाच जाणवू लागते. म्हणून दुसऱ्या महिन्यात, पहिल्या सणाला आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास अवश्य जावे. सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता ओसरत नसेल व नित्याचे व्यवहार ठप्प झाले असतील, तर मनोविकारतज्ज्ञास भेटावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाल्यास क्षणभरही थांबू नये. अशा वेळी केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली.