चौथे ऋण

मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असे आपली शास्त्रे सांगतात. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असतात. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते. परंतु शतपथ ब्राह्मणात आणखी एक चौथे ऋण सांगितले आहे. ते मनुष्यऋण होय. ते कसे फेडावे? माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे, असे तेथे म्हटले आहे. केवळ स्तुतीने हे ऋण फिटत नाही. सैनिक आणि त्याचे कुटुंब यांच्या संबंधाने या चौथ्या ऋणाचा विचार आम्ही प्रस्तुत पाठात योजिला आहे.

सातारा जिल्ह्यातील एक गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात उभे आहे. ४६ हा आकडा वाचावयास क्षण पुरतो. परंतु तितक्या घरांतील आईबापांनी, पत्नींनी आणि लेकरांनी पुढील आयुष्य कसे कंठिले असेल? गेलेल्यांची नावे दगडावर कोरतात; मागे राहिलेल्यांची नावे कोरण्याची रीत नाही.

त्याच जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरात कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी श्रीमती स्वाती महाडिक यांच्या पदरी दोन लहान मुले होती. तरीही त्यांनी वयाची सवलत मिळवून चेन्नई येथे लष्करी शिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. पतीच्या मागे त्यांनी संसाराबरोबर त्याचे व्रतही उचलले.

अशी उदाहरणे आपण सभांतून अभिमानाने सांगतो. परंतु ज्या स्त्रीस व्यासपीठावर ‘वीरपत्नी’ म्हणून श्रीफळ द्यावयाचे, तिलाच संक्रांतीच्या हळदीकुंकवास बोलवावयाचे नाही, ही आपल्यापैकी कित्येक घरांतील रीत आहे. तिच्या पतीने आपल्यासाठी प्राण वेचले आणि आपण तिला उंबऱ्याबाहेर ठेवितो! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. एका खेड्यास जे जमले, ते सुरतेसारख्या नगरीतील आपल्या मंडळीस का जमू नये?

आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशात आहेत. उधना-लिंबायतचे यंत्रमाग रात्रभर चालतात, आणि आपण निर्धास्त झोपतो. त्या निर्धास्तपणाचे मोल कोठे तरी, कोणी तरी जागून देत असतो. मंदिरात अभिषेकाच्या संकल्पासाठी नावे लिहून घेताना आम्हांस नेहमी दिसते की, सैनिकाची माता मुलाचे नाव, गोत्र, नक्षत्र बिनचूक सांगते. मात्र तो कोठे आहे असे विचारल्यास ‘बॉर्डरवर’ एवढेच म्हणते. याहून अधिक तिलाही ठाऊक नसते. तिची दिवाळी पंचांगावर अवलंबून नसते. मुलाची रजा मंजूर होईल तेव्हाच तिच्या घरी दिवाळी.

तेव्हा आपण काय करावे? १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी यथाशक्ति निधी द्यावा. आपल्या आळीत सैनिकाचे घर असल्यास वृद्धांचे औषधपाणी, मुलांचा अभ्यास, पेन्शनचे कागद यांची चौकशी शेजाऱ्याने आपण होऊन करावी. सणाच्या दिवशी त्या घरी ताट न्यावे, किंवा त्या मंडळीस आपल्या पंक्तीस बसवावे. शास्त्राने सांगितलेली अन्न आणि आसरा ही दोन्ही साधने आपल्या हाती आहेत.

येत्या संक्रांतीस हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे कोणाच्या घरी धाडावयाचे, हे प्रत्येक घरच्या कर्त्या स्त्री-पुरुषांनी आजच ठरवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.